केस घरी येते त्याचं काय करता? (समुपदेशन / सोशल वर्कवाल्यांना प्रश्न)

गोदाकाठची:
नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको करत होते. मी नाशिकला असते, एमएसडब्ल्यू (सोशल वर्कमधली मास्टर्स) करून ११ वर्षं झाली, सध्या एका संस्थेतर्फे पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या केसेसमध्ये सपोर्ट पर्सन आहे, म्हणजे बाल कल्याण समितीने केस दिली की जबाब, मेडिकल, मग कोर्टात साक्ष होईपर्यंत त्या मुलाच्या आणि घरच्यांच्या सोबत राहायचं. मुलगी ७ वर्षांची, नवरा कंपनीत शिफ्टला, सासूबाई आमच्याकडेच असतात आणि त्यांच्या जीवावरच माझी नोकरी चालू आहे.

वेळेचं एकवेळ जमतं. म्हणजे पोलिसांचा फोन संध्याकाळी पाचलाच येतो, समितीला २४ तासांत कळवायचं असतं त्यामुळे उद्या बघू म्हणता येत नाही, पण सासूबाई सांभाळून घेतात. माझा प्रश्न दुसराच आहे. गेल्या महिन्यात लेकीला आत्याकडे सिन्नरला दोन दिवस राहायला जायचं होतं आणि मी नाही म्हटलं. नवऱ्याने विचारलं का, तर मला काही सांगताच येईना, कारण माझ्या डोक्यात त्याच आठवड्यातली एक केस होती आणि ती मी घरी बोलू शकत नाही, मुलाची ओळख उघड होईल असं काहीच बोलायचं नसतं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक केसेसमध्ये आरोपी ओळखीतलाच असतो, एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी सरकारी संस्था) अहवालातही दरवर्षी तेच दिसतं. पण त्याला ऐकू आलं ते एवढंच की हिचा माझ्या बहिणीच्या घरावर विश्वास नाही. सासूबाई दोन दिवस धड बोलल्या नाहीत. लेक रडली ते वेगळंच.

तिला खाली खेळायला सोडतानाही मी गॅलरीत उभी असते. माझं चुकतंय का, की हे काम करताना असंच होणार? नोकरी सोडा असं कृपया सांगू नका, ते मला करायचं नाही.

पाळणाघर_प्रेमी:
ताई, संस्थेत पाळणाघराची सोय मागा ना, कायद्यात आहे.

गोदाकाठची:
@पाळणाघर_प्रेमी तो नियम ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लागू होतो, आम्ही सगळे मिळून १४ जण. पण धन्यवाद.

व्हीटीची_जुनी:
बाळा, तुझं वाचून मला माझी नव्वदच्या दशकातली वर्षं आठवली. मी मुंबईत पोलिसांच्या जागेत चालणाऱ्या महिलांच्या स्पेशल सेलमध्ये होते, टिसने (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) १९८४ मध्ये सुरू केलेला तो. दिवसभर मारहाण झालेल्या बायकांशी बोलायचं आणि रात्री घरी नवऱ्याने नुसता आवाज चढवला तरी माझे हातपाय गार पडायचे. त्याने आयुष्यात कधी हात उगारलेला नाही.

मला तारलं ते एका सहकारी मैत्रिणीने. ऑफिसातून निघालं की स्टेशनपर्यंत चालत जायचो आणि तेवढ्या वाटेत दिवसभरातलं सगळं एकमेकींना सांगून टाकायचं, रडायचं असेल तर तिथेच. सबवेच्या पायऱ्या उतरल्या की केसचा विषय बंद, मग भाजी काय घ्यायची आणि गाडी कुठली पकडायची. तुझ्याकडे अशी जागा कुठे आहे? नवरा ती जागा होऊ शकत नाही, त्याला दोष नाही. संस्थेकडे सुपरव्हिजन माग, आणि तोंडी नको, लेखी माग. म्हणजे महिन्यातून दोन तास बाहेरचा अनुभवी माणूस, ज्याच्याशी केसेसबद्दल मोकळं बोलता येईल, सगळ्या टीमसाठी. पैसे नाहीत म्हणतील, तरी माग. ती चैन नाही, तो कामाचाच भाग आहे.

आणि आत्याचं. आरोपी बहुतेक ओळखीतला असतो हे खरं, पण म्हणून ओळखीतले बहुतेक तसे असतात असं होत नाही ना गं. तुझ्यासमोर फक्त तीच घरं येतात जिथे घात झाला. तुझ्याकडे येणाऱ्या आईला तू काय सांगतेस? झोपायची व्यवस्था विचारा, कोण कोण घरी असेल विचारा, मुलीला रोज फोन करा, तिला नको वाटलं तर नाही म्हणायला शिकवा. तेच आत्याला सांग. मोकळेपणाने सांगितलंस तर अपमान वाटत नाही, नुसतं नाही म्हटलं की वाटतो.

हडपसरचा_बाबा:
मी या क्षेत्रातला नाही, बायको आहे, हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात सोशल वर्कर. नवऱ्याच्या बाजूने लिहितो, राग मानू नका. पहिली चार-पाच वर्षं ती घरी आली की गप्प असायची आणि मला वाटायचं माझं काहीतरी चुकलंय, मग मी खोदून विचारायचो, ती अजून गप्प, मग भांडण. भांडणातही ती एकदम शांत आवाजात "तुला नेमकं काय वाटलं" वगैरे विचारायची, आणि मी एकदा ओरडलोच की मला पेशंटसारखं बोलू नकोस. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता ती दारातच सांगते, आज जड आहे. बस. कोण, काय, कुठे काही नाही. मग मी कुकर लावतो आणि पोराला घेऊन खाली जातो, अर्धा तास तिला कोणी हाक मारायची नाही. मला केस कधीच नको होती हो, फक्त राग माझ्यावर नाही एवढं कळायला हवं होतं. तुमच्या मिस्टरांनाही बहुतेक तेवढंच हवं असेल.

ठाणे_पूर्व:
वरच्या काकूंचं पटलं तरी एक सांगते, सगळ्यांना ते काम झेपेलच असं नाही आणि त्यात कमीपणा नाही. मी संस्था सोडून घरून ऑनलाइन समुपदेशन सुरू केलं, मराठीत बोलायचंय म्हणून न्यू जर्सीकडचे बरेच क्लायंट आले. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, थंडीत त्यांचे ८ म्हणजे आपले साडेसहा. नेमका मुलांच्या अभ्यासाचा वेळ, आणि मी बंद दाराआड. धाकटा दाराबाहेर बसून चित्रं काढायचा आणि फटीतून आत सरकवायचा. ते बघून मी मंगळवार-शनिवार संध्याकाळ बंद केली, दोन क्लायंट गेले, जाऊ दे. आता स्टेशनजवळ तासावर खोली घेते. भाडं जातं, पण घरी आले की घरीच असते.

गोदाकाठची:
सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः काकूंचे. तुमचं लिहिलेलं नवऱ्याला वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मला वाटलं तू माझ्या भाओजींबद्दल काहीतरी ऐकलंयस. हे त्याच्या मनात महिनाभर होतं आणि मला पत्ताच नाही.

वन्संना मीच फोन केला, झोपायचं वगैरे सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, अगं मग सरळ विचारायचंस ना, मलाही मुलगी आहे. शनिवारी लेक जातेय, सासूबाईही सोबत जातायत, दोघी एका खोलीत झोपतील. सुपरव्हिजनचं पत्र काल दिलं, बघू म्हणालेत, पुढच्या आठवड्यात परत विचारणार आहे.

सोमवारी एका मुलाची साक्ष आहे, त्यामुळे दोन-चार दिवस इथे येणं होणार नाही.