झांगजियाजिएला चाललोय, तिथले तुजिया लोक नक्की कोण?

भटक्या_नाशिककर: पुढच्या महिन्यात ग्रुप टूरने चीनमधल्या झांगजियाजिएचे ते सुळके बघायला चाललोय. एका संध्याकाळी तुजिया लोकांचा शो आहे, पैसे वेगळे. नेटवर फोटो बघितले तर लाल ड्रेस, ढोल, लायटिंग, सगळं एखाद्या इव्हेंटसारखं वाटतंय. हे लोक खरंच वेगळे आहेत का टुरिस्टसाठी उभं केलेलं प्रकरण आहे?

इतिहासवेडा: लोक एकदम खरे, शोचं मात्र विचारू नका. हुनान, हुबेई, चोंगचिंग आणि ग्वीझोऊ जिथे एकमेकांना भिडतात त्या वूलिंग डोंगररांगांत हे राहतात, स्वतःला बिझिका म्हणवतात. बीजिंगच्या बादशहाने इथे कित्येक शतकं थेट अधिकारी बसवलेच नाहीत, स्थानिक सरदार घराण्यांनाच वंशपरंपरागत पद देऊन टाकलं, त्याला तूसी म्हणायचे. योंगशुनच्या पेंग घराण्याने तर आठशेच्या वर वर्षं राज्य केलं आणि त्यांची राजधानी लाओसिचेंग २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. मिंग काळात किनाऱ्यावर समुद्री चाचे माजले तेव्हा या डोंगरातलं सैन्य तिकडे पाठवलं होतं. नवीन वर्ष हे लोक सगळ्यांच्या एक दिवस आधी करतात, आणि सांगतात असं की मोहिमेवर निघायचं होतं म्हणून आदल्या दिवशीच जेवणं उरकली.

मग १७२० च्या दशकात योंगझेंग बादशहाने ही सरदारकी मोडीत काढून आपले अधिकारी आणले, आणि खरा बदल इथून झाला. नवे साहेब लोक आले, त्यांना इथली गाणी म्हणत जोडीदार निवडायची पद्धत असभ्य वाटली, कपडे बदलायला लावले, लग्नं मध्यस्थामार्फत ठरायला लागली.

चांगशावाली: नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही हुनानमध्येच राहतो. वरच्या लग्नाच्या मुद्द्यात एक भर घालते. यांच्यात नवरी लग्नाआधी कित्येक दिवस रडते, आणि नुसतं रडत नाही, गाण्यात रडते. आई, मावश्या, मैत्रिणी शेजारी बसून साथ देतात, आणि एक पूर्ण भाग फक्त मध्यस्थाला शिव्या घालायला असतो 😄 काही अभ्यासक म्हणतात ही प्रथा ठरवून लग्नं सुरू झाल्यावरच एवढी वाढली, मला पटतं ते. आता मुली शेनझेनला नोकरी करतात, आपलं आपण जमवतात, मग रडणार कोणासाठी? त्यामुळे ते रडणं आता जास्त करून स्टेजवरच दिसतं.

शोपेक्षा विणकाम बघा. शिलान कापू म्हणतात, पूर्वी मुलगी स्वतःच्या लग्नाच्या गोधडीचं कापड स्वतः विणायची. बाई कमरेला पट्टा बांधून मागावर बसते आणि कापडाची उलटी बाजू वर ठेवून विणते, नक्षी खाली पडत जाते, बारीक टोकाने एकेक रंगीत धागा उचलायचा आणि सगळं डोक्यात मोजत राहायचं. दुकानात त्याच नावाने मशीनच्या पर्स मिळतात, त्या घेऊ नका.

रोखठोक: पण मी वाचलं होतं की सरकारने १९५७ मध्ये ठरवलं आणि मग हे लोक तुजिया झाले? १९८२ ला २८ लाख आणि १९९० ला ५७ लाख, एवढी मुलं कोणाला होतात राव?

इतिहासवेडा: मुलं नाही झाली, नोंदी बदलल्या. आधी बरेच जण हान, म्हणजे चीनमधले बहुसंख्य लोक, म्हणून लिहिलेले होते, काहींना मिआओ या दुसऱ्या जमातीत ढकललं होतं. १९५७ ला वेगळी जमात म्हणून मान्यता मिळाली आणि ८० च्या दशकात स्वायत्त जिल्हे वाढले तसे लोकांनी कागद दुरुस्त करून घेतले. काही ठिकाणी परीक्षेत जास्तीचे मार्क, दुसऱ्या मुलाच्या नियमात सूट, हा फायदा होताच, नाही कशाला म्हणू. पण फायदा मिळाला म्हणून आजी खोटी ठरत नाही ना. आपल्याकडे जातीच्या दाखल्यावरून काय काय चालतं ते माहितीये सगळ्यांना. आता तुजिया ९५ लाखांच्या वर आहेत, पण भाषा अस्खलित बोलणारे फारच थोडे, तेही जास्त करून लोंगशानसारख्या भागातली म्हातारी माणसं, आणि लिपी नाही. भाषा गेली तर पुजाऱ्यांची, म्हणजे तिमांची, सृष्टी कशी झाली आणि पूर्वज कुठून आले ती गाणी पण गेली, ती कुठे लिहिलेली नव्हतीच.

भटक्या_नाशिककर: बाप रे, एवढं माहीतच नव्हतं. मग शो सोडूच का?

चांगशावाली: माओगुसी असेल तर बघा. अंगभर गवत गुंडाळून, डोक्यावर गवताच्याच वेण्या घालून पुरुष शिकार, नांगरणी वगैरे करून दाखवतात, मजा येते. नसेल तर ते पैसे वाचवा. मोकळा दिवस मिळाला तर हायस्पीड ट्रेनने फुरोंगझेनला जा, धबधब्याच्या कडेला गाव आहे, गर्दी असते पण तिथली लाकडी खांबांवरची घरं खरी आहेत. टूर लीडर नाही म्हणेल, तरी विचारून बघा.