ब्रिटनीच्या ग्रामीण भागात आठवडाभर काय पाहावे?

प्रश्न : जूनमध्ये आम्ही दोघे फ्रान्समधील ब्रिटनीच्या अंतर्भागात, एका खेड्यात आठवडाभर राहणार आहोत. समुद्रकिनाऱ्यापलीकडे तेथे काय पाहण्याजोगे आहे? आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर १ : युएलगोआतच्या जंगलासाठी एक पूर्ण दिवस ठेवावा. शेवाळलेल्या ग्रॅनाइटच्या अजस्र शिळांमधून ओढा वाहतो आणि तेथील सुमारे १३७ टनांची एक शिळा, नेमक्या जागी पाठ टेकवून रेटा दिल्यास, खरोखर हलते. (मला ती तिसऱ्या प्रयत्नात हलवता आली.) तेथून जवळच आरे डोंगररांग आहे, तिचे सर्वोच्च शिखर जेमतेम ३८५ मीटरचे असल्याने सह्याद्री पाहिलेल्यांना ते टेकाडच वाटेल, परंतु माथ्यावरील उघडी माळराने विलक्षण आहेत.

उत्तर २ : नांत ते ब्रेस्त हा सुमारे ३६० किलोमीटरचा कालवा विसरू नका. पूर्वी नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी असलेल्या काठच्या सपाट वाटेवर आता सायकली चालतात. जोसलँ येथे पाण्यालगत उभा असलेला किल्ला तर त्या वाटेवरूनच उत्तम दिसतो. मोटार मात्र भाड्याने घ्यावीच, कारण खेड्यांत बस क्वचितच येते.

उत्तर ३ : जेवणाचे म्हणाल तर कुट्टूच्या पिठाचा 'गालेत' (धिरड्यासारखा पदार्थ) घ्या, पण 'कोंप्लेत' प्रकारात हॅम असते, म्हणून आधी विचारावे. गावात 'फेस्त-नोझ' असल्यास अवश्य जा. युनेस्कोने २०१२ मध्ये गौरवलेल्या या रात्रीच्या सामूहिक नृत्यात अनोळखी माणसेही करंगळीत करंगळी गुंफून सामील करून घेतली जातात.