मदत हवी आहे: पोहण्याच्या शाळेचा तलाव झाकू की उघडा ठेवू? (बडोदा)

नमस्कार मंडळी,

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थिसिसचा विषय: स्पर्धेत उतरणाऱ्या जलतरणपटूंसाठी निवासी प्रशिक्षण शाळा, 80 मुलामुलींची. जागा बडोद्याजवळ भायलीच्या पुढे धरली आहे. आजोबांचं म्हणणं, "पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकलायचं, त्याला शाळा कशाला?" त्यांना कोण समजावणार!

तलावाची मापं ठरली आहेत. 25 मीटर रुंदी, 2.5 मीटरच्या 10 लेन. लांबी 50 नाही, 50.02 मीटर, कारण दोन्ही टोकांना टाइमिंगची टचपॅड (हात लागताच वेळ नोंदवणाऱ्या पाट्या) लागली की प्रत्येकी 1 सेंटिमीटर खातात, आणि तलाव 50 पेक्षा केसभरही कमी भरला तर तिथली वेळ रेकॉर्डसाठी धरत नाहीत. खोलीवर मात्र रोज मत बदलतं. 2 मीटरला 25 लाख लिटर पाणी, 3 मीटरला साडेसदतीस लाख. पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये 2.15 मीटर खोली होती, तर पाणी 'स्लो' आहे, म्हणजे त्यात वेग कमी पडतो, म्हणून केवढी ओरड झाली. सध्या 3 वर आहे.

खरी अडचण छताची. पहिल्या रिव्ह्यूला मी तलावाच्या बरोबर वर लांबलचक काचेचा स्कायलाइट काढला होता. ज्युरी खूश. लंडनच्या ऑलिंपिक तलावाचं आर्किटेक्ट झाहा हदीदचं छत, म्युनिकच्या 1972 च्या ऑलिंपिकचा तंबू, सगळ्यांची नावं निघाली. मग मी एका झाकलेल्या तलावावर जाऊन स्वतः उताणी पडले. (चौदाव्या वर्षापर्यंत बॅकस्ट्रोकच करायचे, नंतर दहावी आली.) बॅकस्ट्रोकवाल्याला फक्त छत दिसतं. वरून ऊन डोळ्यांत आलं की माणूस तिरका जातो आणि हात लेनच्या दोरीवर आपटतो. लेनला समांतर तुळया असतील तर त्यांच्याकडे बघत सरळ जाता येतं. स्कायलाइट त्याच रात्री खोडला. आता लांबीच्या दिशेने तुळया आणि उत्तरेचा उजेड.

पण त्या तलावावर दुसरंही एक लक्षात आलं. सकाळी सहाला कोच खोकत होते. क्लोरीन घामात आणि (माफ करा) मुतात मिसळून जो वायू होतो, तो हवेपेक्षा जड. पाण्याला चिकटून राहतो, नेमका पोहणारा श्वास घेतो तिथे. वर छताला पंखे लावून काय उपयोग?

उघडा ठेवावा तर मे महिन्यात पारा 42-43 वर, पाणी कोमट, आणि स्पर्धेला 25 ते 28 अंश लागतं. जानेवारीत पहाटे उलट रडगाणं. म्हणून तिसरा विचार करतेय: वर छप्पर, बाजूंना भिंती नाहीत, जुन्या वाड्याच्या पडवीसारखं. रात्री पाण्यावर आच्छादन. हे चालेल का? कुणी असा तलाव चालवलाय किंवा बांधलाय का? आणि खाली काळी माती आहे, त्याचं काय करू?

खडीवाळू:
बेटा, तुझी पडवी चालेल, पण आधी जमिनीचं बघ. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. ती काढून मुरूम भरावा लागेल. त्याहून मोठा धोका म्हणजे पावसाळ्यात सफाईसाठी तलाव रिकामा करणं. आतलं पावणेचार हजार टन पाणी गेलं की भूजल खालून टाकी उचलतं, अगदी होडीसारखी. तळाखाली निचऱ्याचे पाइप आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह नकाशात दिसलाच पाहिजे. पंपांची खोली तळघरात नको. ऑगस्ट 2024 चा बडोद्याचा पूर आठव ना! मगरींची विश्वामित्री नदी आत आली तर आठव्या लेनमध्ये मगर सराव करेल.

ओला_टॉवेल:
माझी लेक सहा वर्षं पोहतेय, म्हणून आईच्या बाजूने सांगते. मुलं पाण्यात चार तास असतील, पण शाळेत चोवीस. पाचला उठायचं म्हणजे नऊला झोप, तेव्हा होस्टेलच्या खिडक्या पंपांपासून लांब ठेव. होस्टेल ते तलाव अनवाणी, छताखालून जाता आलं पाहिजे, आणि ओल्या पायांची वाट मेसमधून नको. कोच मुलाबरोबर काठाने चालत असतात, तिथे खांब आणू नकोस. आणि आम्हा पालकांना काचेमागे बसव. आम्ही फार ओरडतो.

धागाकर्ती:
काका, व्हॉल्व्ह माझ्या डोक्यातही नव्हता, खूप आभार. पंपखोली वर घेतली तर पाणी पंपाकडे आपोआप येणार नाही ना? काठावरून सांडणारं पाणी गोळा करायची बॅलन्सिंग टाकी तरी खालीच लागेल. ती पुरात कशी वाचवायची? ताई, काठाचे खांब उद्याच हलवते. मग छप्पर एकदम 34 मीटरचं होतंय. सर रागावणार.