मदत हवी आहे: भिवंडीला जावं की सोलापुरातच राहावं?

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

माझे मिस्टर सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला होते. आठ महिन्यांपूर्वी काम सुटलं. तरी एकही दिवस चूल थंड राहिली नाही, त्याबद्दल देवाचे किती उपकार मानू! सासूबाई त्या काळातही रोज ज्वारीच्या पिठाची एक मूठ बाजूला काढत आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देत. मला वाटायचं, आपल्यालाच पुरत नाही. आता कळतं, त्या मुठीनंच आम्हाला सावरलं.

आता भिवंडीहून कामाचं बोलावणं आलंय. पण सासूबाई सोलापूर सोडणार नाहीत, आणि मुलीची दहावी आहे. बायबलमधलं नीतिसूत्रे ३:५-६ रोज वाचते. आपल्या बुद्धीवर विसंबायचं नाही हे पटतं. पण ही वाट देवानं उघडली की आमच्या काळजीनं, हे ओळखायचं कसं? तुम्ही असा निर्णय कसा घेतलात? नुसती मनाची शांती पुरेशी मानलीत, की पाळकांशी, वडीलधाऱ्यांशीही बोललात?

आणखी एक. जायच्या आधी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची आहे. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ (सर्व स्थितीत उपकारस्तुती करा) घेणारच आहे, सोबत कोणतं स्तोत्र वाचावं? भिवंडीला उत्तर रविवारपर्यंत द्यायचंय, प्रार्थनेत आठवण ठेवा.