ग्रुप : आपला गाव, एकजूट (रविवार, २७ जुलै २०२५)

वैशाली, शाळा समिती (७.५२) : परवा रात्री तिसरी-चौथीच्या वर्गातला मधला वासा खाली आला. कौलं फळ्यासमोर पडलीत. पहिल्या रांगेतली मुलं तिथेच बसतात. फोटो टाकलेत, नीट बघा. वाळवीने वासा आतून पोकळ केलाय, हाताने चुरा होतो. उद्या सोमवार. मुलं कुठे बसवायची ते आज ठरवा. त्या खोलीत मी कोणाच्याच मुलाला बसू देणार नाही.

भाई गोरेगाव (७.५८) : शुभ सकाळ. सर्व ग्रामस्थांना श्रावण महिन्याच्या हार्दिक शुभेच्छा 🌿

आक्का (८.०३) : गो बाय, कोणाक लागला नाय मा?

वैशाली, शाळा समिती (८.०४) : नाही आक्का. रात्रीची वेळ होती म्हणून.

प्रसाद डोंबिवली (८.१५) : बातमी वाचलीत ना? परवाच सकाळी राजस्थानात, झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला शाळेचं छप्पर कोसळून सात मुलं गेली. त्याच दिवशी रात्री आपला वासा पडतो. सरपंचसाहेब, "प्रस्ताव पाठवलाय" हे मी किती गणपती ऐकतोय?

सरपंच (८.३१) : प्रसादजी, आदर ठेवून बोलूया. मी गावात राहतो, रोज ती शाळा बघतो. समितीचा ठराव झाला, ग्रामपंचायतीचा झाला, केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याला गेला. बांधकामचे इंजिनिअर दोनदा येऊन मोजमाप घेऊन गेले. आणखी काय करायला हवं?

गुरुजी, रिटायर (८.४०) : सर्वांना नमस्कार. मूळ मुद्दा निर्लेखनाचा आहे. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीत, आपल्या दोन्ही खोल्या "मोठी दुरुस्ती"च्या रकान्यात आहेत. म्हणजे कागदावर शाळा उभी आहे. उभ्या शाळेला नवीन खोली मिळत नाही. आधी निर्लेखन.

बाळा इलेक्ट्रिक (८.४२) : गुरुजी, निर्लेखन म्हणजे पाडायची परवानगी ना? ती द्यायच्या आत शाळा आपली आपण पडतेय. पावसाला परवानगी लागत नाही 😄

वैशाली, शाळा समिती (८.४३) : बाळा, हसण्यासारखं काही नाही.

बाळा इलेक्ट्रिक (८.४३) : सॉरी वहिनी.

तात्या, खालची वाडी (९.१०) : आमच्या वेळेक चाळीस पोरगे होते त्या शाळेत. गावान डोक्यार जांभो वाहून बांधलेली. आता सतरा पट. सतरा पोरग्यांसाठी सरकार कशाक पैसे देतला? ज्यांका पोरग्यांची एवढी काळजी, त्यांची पोरगी सकाळी पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमाक जातत.

नंदू, वरची वाडी (९.१२) : कोणाला म्हणताय तात्या? नाव घ्या.

तात्या, खालची वाडी (९.१३) : ज्याका लागला त्याका.

नंदू, वरची वाडी (९.१५) : गळक्या वर्गात मुलगा बसवायचा नव्हता म्हणून बस लावली. पट कमी म्हणून शाळा नाही, आणि शाळा नाही म्हणून पट कमी. आधी कोण सुरुवात करणार?

वैशाली, शाळा समिती (९.२०) : तात्या, पटाचं भांडण नको. वीसच्या आतल्या शाळा राज्यात १४ हजारांच्या घरात आहेत. २०२३ मध्ये छोट्या शाळा एकत्र करायचं, समूह शाळेचं पत्र निघालं तेव्हा हाच ग्रुप "आमची शाळा बंद होऊ देणार नाही" म्हणून लढत होता. कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आपल्या पोरांनी ओढा ओलांडून पलीकडच्या गावात जायचं का?

सरपंच (९.३४) : पैशाचंही ऐकून घ्या. समग्र शिक्षा योजनेत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. जिल्ह्याच्या वाट्याला ज्या खोल्या येतात, त्या जास्त पटाच्या शाळांना आधी. उरला जिल्हा नियोजनाचा निधी. तिथे प्रत्येक सरपंच हातात अर्ज घेऊन उभा. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, त्यात अख्ख्या मतदारसंघाचे रस्ते, साकव, स्मशानशेड. त्यात मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदेवर प्रशासक. सदस्यच नाही तर पाठपुरावा कोणामार्फत करू?

प्रसाद डोंबिवली (९.४०) : पैसे नाहीत म्हणता. देवळाचा सभामंडप एका मे महिन्यात कसा उभा राहिला? मुंबई मंडळाने पावत्या फाडल्या ना? मीही फाडली.

राजू अ‍ॅडमिन (९.४१) : देवाचा विषय मध्ये आणू नका. ग्रुपचे नियम वर पिन केलेत.

प्रसाद डोंबिवली (९.४२) : देवाबद्दल नाही, पावतीबद्दल बोलतोय.

भाई गोरेगाव (९.५०) : कोकणकन्येचं २४ ऑगस्टचं कोणाचं कन्फर्म झालंय का? माझं वेटिंग ११८.

बाळा इलेक्ट्रिक (९.५१) : भाई, तुमचं वेटिंग शाळेच्या आधी क्लिअर होणार.

गुरुजी, रिटायर (९.५५) : विषयांतर नको. मूळ मुद्दा निर्लेखनाचा आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगरजवळ निंबोडीला वर्ग भरलेला असताना छत पडलं, तीन मुलं गेली. तेव्हाही चार दिवस सगळे जागे झाले होते. आधी निर्लेखन.

वैशाली, शाळा समिती (१०.०२) : गुरुजी, निर्लेखन झालं तर आहे त्या दोन खोल्याही जाणार. लाकूड-कौलांचा लिलाव होणार. नवीन मंजूर होईपर्यंत सतरा मुलं आणि दोन बाई कुठे? मग पुढच्या वर्षी पट नऊ, आणि शाळा आपोआप बंद. म्हणूनच मागच्या बैठकीत पालकांनी सही करायला नको म्हटलं.

गुरुजी, रिटायर (१०.०४) : तात्पुरती सोय गावाने करायची असते.

वैशाली, शाळा समिती (१०.०४) : तेच तर विचारतेय सकाळपासून. उद्या कुठे?

नंदू, वरची वाडी (१०.१०) : सभामंडपात बसवा. पंखे आहेत, लादी आहे.

तात्या, खालची वाडी (१०.१२) : उद्या पयलो सोमवार श्रावणाचो. भजन आसा. देवळात चपला, दप्तरा, डबे? कमिटीक कोणी इचारला?

नंदू, वरची वाडी (१०.१३) : डब्यात खिचडी असते तात्या, मटण नाही.

राजू अ‍ॅडमिन (१०.१३) : नंदू, शेवटची ताकीद.

प्रसाद डोंबिवली (१०.३०) : सगळ्यांसाठी. आमच्या ऑफिसच्या सीएसआरवाल्या बाईंशी मी मार्चमध्ये बोललो होतो. कायद्याने मोठ्या कंपनीला नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, शाळेच्या खोल्या त्यात बसतात. त्यांनी पहिला कागद मागितला, जागा शाळेच्या नावावर असल्याचा. काल रात्री महाभूलेखच्या सरकारी साईटवर सातबारा काढला. खाली टाकतोय. मालकी सदरात तेवीस नावं. शाळेचं नाव इतर हक्कातसुद्धा नाही.

नंदू, वरची वाडी (१०.३२) : तेवीसपैकी नऊ जण तर याच ग्रुपात आहेत!

तात्या, खालची वाडी (१०.३३) : माका इचारल्याशिवाय आमचो सातबारो ग्रुपवर कोणी टाकल्यान?

प्रसाद डोंबिवली (१०.३४) : तात्या, तो कोणालाही बघता येतो.

तात्या, खालची वाडी (१०.३६) : आमच्या आज्यान जमीन दिली म्हणान हयसर शाळा झाली. तेव्हा कागद कोणी मागितलो नाय. शब्द होतो.

सरपंच (१०.४१) : तात्या, आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तालुक्यावरून प्रस्ताव दोनदा परत आला तो याच शेऱ्याने. बक्षीसपत्र नाही, संमतीपत्र नाही. मी तुमच्या पडवीत तीन वेळा येऊन बसलो. चहा मिळाला, सही नाही मिळाली. गावात वाईटपणा नको म्हणून इथे बोललो नाही.

प्रसाद डोंबिवली (१०.४२) : सरपंचसाहेब, हे आधी सांगायला हवं होतं. मी उगाच तुमच्यावर तोंडसुख घेत होतो.

नितीन विरार (१०.५०) : माझं नाव त्या तेविसात आहे. माझी सही आजही आहे. पण मोठे काका म्हणतात, शाळा बंद झाली तर जागा परत मिळेल. रस्त्याला लागून आहे. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही एवढंच.

*हा मेसेज डिलीट केला आहे.*

बाळा इलेक्ट्रिक (१०.५२) : तात्या, डिलीट केलात पण मी वाचला.

आक्का (१०.५८) : नितीन खोटा बोलना नाय. तात्या, तुझ्या बापाशीनच माझा नाव शाळेत घातल्यान. चवथी झालंय त्याच खोलीत. पोरग्यांच्या डोक्यार कौला पडतत आणि तू जागेचा बघतस?

भाई गोरेगाव (११.०५) : माझंही नाव दिसतंय त्यात?? आजोळचं असेल. कुठे सही करायची? वेटिंग असलं तरी जनरलने येतो.

गुरुजी, रिटायर (११.०८) : जागेचा कागद हवाच, पण मूळ मुद्दा निर्लेखनाचा...

वैशाली, शाळा समिती (११.०९) : गुरुजी, हात जोडते.

सरपंच (११.२०) : गणपतीत सगळे वारस गावात असतील. मसुदा मी वकिलांकडून करून ठेवतो. जे येणार नाहीत त्यांनी कुलमुखत्यारपत्र पाठवावं. आणि हे झालं म्हणजे खोली मंजूर झाली असं नाही. फक्त प्रस्ताव परत येणार नाही.

तात्या, खालची वाडी (२.४५) : उद्या पोरग्यांक सभामंडपात बसवा. भजन रात्री करूया. कमिटीक मी सांगतंय. सहीयेचा गणपतीक बघूया.

वैशाली, शाळा समिती (२.४७) : आभारी आहे तात्या. गणपती २७ ऑगस्टला, मध्ये अख्खा महिना पाऊस आहे. "बघूया" की "करूया"?

*(निळ्या दोन खुणा. उत्तर नाही.)*

वैशाली, शाळा समिती (६.३०) : सभामंडप झाडून घेतला. फळा आम्ही तिघींनी उचलून आणला. सतरंज्या दोन कमी पडतात, आणि पश्चिमेकडून पाणी आत येतं.

बाळा इलेक्ट्रिक (६.३४) : सतरंजी एक माझ्याकडे आहे. आणि मांडवाची ताडपत्री सकाळी सातला येऊन बांधतो. शिडी कोणाकडे आहे?

तात्या, खालची वाडी (६.४१) : शिडी माझ्याकडे.