बाजार पडला की भाऊ सगळं विकायला निघतो, काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ निवृत्तीसाठी दरमहा इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) पैसे घालतो. निवृत्ती अजून खूप लांब आहे, अडीअडचणीची रक्कम वेगळी ठेवली आहे, कर्ज नाही. तरी बाजार जरा घसरला की त्याची झोप उडते.

हिशोब त्याला पक्का येतो. वर्षाला ८ टक्के परतावा धरला तर रक्कम साधारण ९ वर्षांत दुप्पट होते, चक्रवाढीची मोठी वाढ शेवटच्या वर्षांत दिसते, हे तोच मला समजावतो. तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तोटा जास्त बोचतो, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं, तेही त्याला ठाऊक आहे. पण कळतं तरी वळत नाही. त्यामुळे आणखी आकडे दाखवून उपयोग होईल असं मला वाटत नाही.

२००८ किंवा मार्च २०२० च्या पडझडीत ज्यांनी विकलं नाही, त्यांनी स्वतःला नेमकं कसं थांबवलं? ॲप काढून टाकलं? निर्णय आधीच लिहून ठेवला होता? शेअरचं प्रमाण कमी करून काही भाग रोख्यांत (बाँडमध्ये) वळवावा असं मला वाटतं. परतावा थोडा कमी मिळेल, पण भाऊ गुंतवणुकीत टिकून तरी राहील. हे कोणी केलंय का?