ट्रकचा मार्ग कसा आखता? कागदी नकाशा, मोबाइल की दोन्ही? (अनुभव धागा)

न्हावा शेवा बंदर, कळंबोली, तळोजा, तुर्भे, ठाणे, भिवंडी या पट्ट्यात अवजड गाड्या चालवणाऱ्यांनी आणि पाठवणाऱ्यांनी इथे लिहावं. "मोबाइलच बरा" किंवा "जुनं ते सोनं" एवढंच लिहून थांबू नका. गाडी कुठे अडकते, का अडकते, निघण्याआधी काय बघता ते सविस्तर सांगा. या धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरांच्या हातात मोबाइल असतो, पण उंची, वजन आणि वेळेचा हिशेब त्यांना कुणी शिकवत नाही.

कळंबोली, कंटेनर ट्रेलर

आधी उंची. साधा कंटेनर साडेआठ फूट उंच, म्हणजे २.५९ मीटर. हायक्यूब, म्हणजे जास्त उंचीचा कंटेनर, साडेनऊ फूट, म्हणजे २.९० मीटर. ट्रेलरचा प्लॅटफॉर्म जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतो. म्हणजे साधा कंटेनर ४.१० मीटरपर्यंत जातो आणि हायक्यूब ४.४० पर्यंत. मोबाइलवरच्या नेहमीच्या नकाशात हा आकडा भरायची सोय नाही, तो तुम्हाला कार समजूनच रस्ता काढतो. ट्रकची लांबी, उंची, वजन भरून घेणारी वेगळी ॲप आहेत. पण पुलाची उंची त्यांच्याकडे कुणी नोंदवलेलीच नसेल, तर तीही गप्प बसतात.

म्हणून माप स्वतः घ्या. गाडी सपाट जागेवर उभी करा, कंटेनरच्या टपावर सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवून तिचं टोक बाहेर काढा आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडा. आलेला आकडा खडूनं केबिनच्या दारावर आतून लिहा. रिकामा कंटेनर भरलेल्यापेक्षा उंच राहतो, कारण वजन नसलं की पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) उचललेले असतात. भरलेली गाडी ज्या पुलाखालून सहज गेली, तिथेच परतीला रिकामी गाडी घासते ती यामुळे. दुसरं असं की पुलावरची पाटी जुनी असते आणि खाली डांबराचे थर चढत जातात. पाटीवरचा आकडा तोच राहतो, मोकळी जागा मात्र कमी होते. किमान १५ सेंटिमीटर अंतर राहणार नसेल तर त्या रस्त्याला जाऊ नये. विजेच्या रेल्वेमार्गावरच्या फाटकाआधी जी लोखंडी कमान असते तिची उंची ४.६७ मीटर. हायक्यूब तिच्याखालून जातो, पण वर ताडपत्रीचा दोर किंवा बांबू राहिला असेल तर आधी काढा.

तुर्भे, ट्रान्सपोर्ट ऑफिस

पूर्वी नकाशा क्लीनर वाचायचा. आता बहुतेक गाड्यांवर क्लीनरच नसतो, म्हणून आम्ही ड्रायव्हरला नकाशा न देता चिठ्ठी देतो. कागदावर एक उभी रेघ, खालचं टोक निघायचं ठिकाण, वरचं टोक पोचायचं. गाडी पुढे जाते तशी नजर वर जाते, कागद फिरवावा लागत नाही. रेघेच्या डाव्या बाजूला टोल, डिझेल आणि थांबायच्या जागा, उजव्या बाजूला धोका आणि पर्याय. न्हावा शेवा ते भिवंडीची चिठ्ठी अशी: करळ फाटा, गव्हाण फाटा, कळंबोली, तळोजा, शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, मानकोली. शीळफाट्यासमोर लाल पेननं "इथे ठरवा". बायपासवर काम किंवा अपघात असेल तर तो शीळफाट्याच्या आधीच कळला पाहिजे, कारण वर चढल्यावर ट्रेलर वळवायला जागा नाही. मोबाइलचा खरा उपयोग अशा ठिकाणी. शीळफाट्याच्या अलीकडे गाडी कडेला सुरक्षित उभी करायची, नकाशावर बायपासवरच्या कोंडीची लाल रेघ किती लांब आहे ते बघायचं आणि मग निघायचं.

"टोल टाळा" ही सेटिंग बंदच ठेवा, हे मी हात जोडून सांगतो. चार पैसे वाचवायला ॲप गाडी गावातल्या रस्त्यात घालतं, आणि तिथे समोरून एसटी आली की दोघंही अडकतात. टोलचा अंदाजही ॲपवर कारचाच धरा. मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफी आहे, ट्रकला नाही.

ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, विसरू नका. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळते, अवाढव्य मालाला मात्र २० किलोमीटरला एक. अंतर दोन पिनकोडवरून पोर्टलच काढतं, त्यात फार तर १० टक्के वाढ करता येते. लांबच्या वळशानं जाणार असाल तर ही बेरीज निघण्याआधी करा. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच वाढवून मिळते. ड्रायव्हर घाटात आणि ऑफिस बंद, अशी गत होऊ देऊ नका.

ठाणे, गुजरात लाइन

खारेगावहून गुजरातला निघायचं तर तीन वाटा आहेत. माजिवड्यावरून घोडबंदर रोड आणि गायमुख घाट ही पहिली. मानकोली, अंजूरफाटा, कामण, चिंचोटी ही दुसरी. भिवंडी, वाडा, मनोर ही तिसरी. मोबाइल बहुतेक वेळा पहिलीच दाखवतो, कारण कारला तीच लवकर पोचवते. पण घोडबंदरवर अवजड गाड्यांना ठरलेल्या वेळीच सोडतात. गायमुखला दुरुस्ती निघाली की तेही बंद. या वेळा वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेनं बदलत राहतात. ॲपला त्या कळत नाहीत, त्याला रस्ता मोकळा दिसतो, आणि प्रत्यक्षात तो मोकळा असतो तो ट्रक अडवल्यामुळेच! गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालतात तेव्हाही हेच होतं. अधिसूचनेची प्रत मोबाइलमध्ये ठेवा आणि वेळ चिठ्ठीवर लिहा.

तिन्ही वाटा एका नजरेत बघायला कागदी नकाशाला तोड नाही. मोबाइलच्या पडद्यावर मनोर दिसतं तेव्हा माजिवड्याचा चौक दिसत नाही.

आणि ॲपची वेळ कारची असते. भरलेल्या गाडीला सपाटीवर दीडपट धरा. घाटात तो आकडा सोडूनच द्या.

तळोजा एमआयडीसी, टँकर

दोन वेगळ्या गोष्टींना आपल्याकडे "जीपीएस" म्हणतात. गाडीत बसवलेलं ट्रॅकिंगचं यंत्र मालकाला गाडी कुठे आहे ते सांगतं, ड्रायव्हरला रस्ता दाखवत नाही. धोकादायक रसायनं नेणाऱ्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. रस्ता बघायला मोबाइलच लागतो.

ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते. कारचा फक्त १२ व्होल्टवाला स्वस्त चार्जर लावला तर जळतो, "१२–२४" लिहिलेलाच घ्या. स्टँड काचेच्या मधोमध नको, एसीच्या झोताजवळ किंवा सावलीत लावा. उन्हात मोबाइल तापला की पडदा मंद होतो आणि चार्जिंग थांबतं. ऑफलाइन नकाशा आदल्या रात्री उतरवून घ्या, पण त्यात ताजी कोंडी दिसत नाही हे लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमानं गाडी चालवताना मोबाइल हातात घ्यायला मुभा आहे ती फक्त मार्ग बघण्यापुरती, तीही लक्ष विचलित न होता. पत्ता टाइप करायचा तो गाडी उभी असतानाच.

पनवेल

जुना नकाशा वापरणाऱ्यांनी महामार्गांचे क्रमांक तपासा. २०१० मध्ये सगळे बदलले. पुण्याकडचा जुना ४ आणि गुजरातकडचा जुना ८, दोन्ही आता ४८. नाशिकचा ३ इकडे १६० झाला, गोव्याचा १७ आता ६६, आणि पळस्प्याहून बंदराकडे जाणारा ४बी आता ३४८. ड्रायव्हर तोंडानं अजून जुनेच आकडे बोलतात, पाट्या नव्या आहेत. नुसतं "४८ पकड" सांगून पाठवलं तर नवा माणूस पुण्याऐवजी वसईला निघेल. क्रमांकाबरोबर पुढच्या गावाचं नाव सांगा.

भिवंडी, गोडाऊन डिलिव्हरी

शेवटचा एक किलोमीटर सगळ्यात वाईट. काल्हेर, पूर्णा, राहनाळला एकेका कंपाउंडमध्ये ओळीनं गाळे, आणि लोकेशनचा पिन गाळ्याच्या छपरावर पडतो. मग ॲप जवळचा रस्ता म्हणून मागच्या भिंतीशी नेऊन सोडतं. पिन मागताना गेटचा मागा. वजनकाटा गेटच्या कोणत्या बाजूला, चाळीस फुटी कंटेनरची गाडी आत वळते का की रिव्हर्सनं घ्यायची, आणि वरून विजेच्या तारा किती खाली, हे तीन प्रश्न फोनवर विचारा.

उड्डाणपुलाजवळ निळा ठिपका वर आहे की खाली ते मोबाइलला नीट कळत नाही. माजिवडा, कळंबोलीला पूल चढायचा की खालून जायचं ते चिठ्ठीवर "वर" किंवा "खाली" असं लिहाच.

तुर्भे, ट्रान्सपोर्ट ऑफिस

वर लिहायचं राहिलं: कागदी नकाशा घ्याल तर प्रमाण बघून घ्या. १ सेंटिमीटरला १० किलोमीटर असलेला नकाशा आंतरराज्य मार्ग आखायला चालतो. पण त्यावर एक मिलिमीटरची चूक म्हणजे एक किलोमीटर, त्यामुळे ठाणे-भिवंडीतलं वळण त्यावर शोधू नका. अंतर मोजायला रस्त्यावर ओला दोरा ठेवत जा, तो वळणाला चिकटून राहतो, मग पट्टीवर ताणा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, त्यावर पेन्सिल उमटत नाही आणि रात्री केबिनचा दिवा त्यात चमकतो. साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा, घडीवर मागून चिकटपट्टी लावा.